राडिसावचा हॅलोजन

पाहुण्यांना अंधार पडल्यावरच बोलवायचं, हे स्तोयांकाने ठरवलं होतं. कारण साधं. घराला गिलावाच नव्हता! खालचा मजला कसाबसा राहण्याजोगा, वरचा म्हणजे नुसत्या विटा, खिडक्यांच्या जागी भोकं आणि वर गंजक्या सळया. मोरावा नदीकाठी निम्मी घरं अशीच उभी आहेत, पण हे पाहुणे शहरातले. लेकीच्या, तियानाच्या मित्राचे आईवडील, पहिल्यांदाच येणार. पोरीचं लग्न विटांवरून मोडायला नको, एवढीच तिची धडपड.

हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. तिला वाटलं, कळेलच.

राडिसावला कळलं ते एवढंच, की अंगणात अंधार आहे आणि पाहुणे ठेचकाळतील! गडी गेला आणि भला मोठा हॅलोजन घेऊन आला. अक्रोडाच्या झाडावर घराकडे तोंड करून आवळला. प्लग नव्हता, म्हणून मिरच्या भाजायच्या शेगडीचा कापला.

"अरे, मग अय्वारच्या चटणीला मिरच्या कशावर भाजू? तुझ्या टकलावर?" स्तोयांका आतून ओरडली. "वायरमन बोलव की!"

"मला हात नाहीत का? तीनच तर वायरी आहेत!"

निळी, तपकिरी आणि पिवळी-हिरवी. पिवळी-हिरवी सगळ्यांत देखणी, म्हणजे करंट तिच्यातच असणार, असा राडिसावचा हिशेब. प्लग घातला. फट्! अख्ख्या घराची वीज गेली, आणि ओव्हनमधली चीजची गिबानित्सा अर्धी कच्ची राहिली.

कुंपणावरून शेजारी विदोये हसला. "अरे शहाण्या, देखणी असते अर्थिंगची! आण इकडे." त्याने वायरी नीट जोडल्या, केबल आपल्या खिडकीतून आत घेतली आणि स्वयंपाकघरात प्लग लावला. मग दाराला कुलूप घालून बहिणीकडे जेवायला निघूनही गेला.

आणि काय उजेड पडला! वीट न् वीट मोजावी, असा. स्तोयांका बाहेर आली आणि तिचा चेहराच उतरला.

"बंद कर!"

"बटण नाहीये. प्लग काढला की होतो बंद."

"मग काढ ना!"

"तो विदोयेकडे आहे. कुलूप आहे."

"फिरव तरी तिकडे!"

"तापलाय गं! हात भाजेल."

"कुऱ्हाड आण. केबलच तोडते!"

"करंट आहे त्यात! पोरीच्या लग्नाआधी विधुर करतेस का मला?"

तिने विदोयेला फोनवर फोन लावले. उचलतोय कशाला! तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. ग्वोझ्देन आणि त्याची बायको ल्युबिंका उतरले आणि मान वर करून बघतच राहिले. स्तोयांकाला वाटलं, आपण जमिनीत जावं.

"वरचा मजला कुणाचा?" ग्वोझ्देनने विचारलं.

"मुलाचा," राडिसाव पुटपुटला. "तो व्हिएन्नाला असतो. येतो येतो म्हणतो, येत काही नाही."

"म्हणजे रिकामाच?"

"रिकामाच."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. ग्वोझ्देन खाकरला. "आम्ही पाचव्या मजल्यावर, दोन खोल्यांत चौघं. लग्न झाल्यावर पोरं राहणार कुठे, हा आम्हाला घोर. आता घरजावई म्हणू नका हं, आमच्या घराण्यात ते चालत नाही. पण वरचा मजला म्हणजे, कसं, वेगळंच घर की!"

ल्युबिंका केव्हाच जिन्यावर पोचली होती. "अगंबाई, किती खिडक्या! ही मुलांची खोली करू!"

इतक्यात फोन वाजला. विदोये. "इतके फोन? काय झालं? आलोच, दहा मिनिटांत प्लग काढतो."

स्तोयांका फोनवर हात आडवा धरून कुजबुजली. "खबरदार घरी आलास तर! सावकाश जेव. आणि गोड खाल्ल्याशिवाय उठू नकोस!"