मा-खुमोंना सिंह दाखवायचा होता

त्या लग्नात ओतेंगने तोंड मिटून फक्त मांस ढवळलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्याची बायको सेथुन्या आजही म्हणते. ओतेंगचं म्हणणं वेगळं आहे. तोंड उघडायला आपल्याला भाग पाडलं, आणि भाग पाडणारा माणूस सेथुन्याचा सख्खा भाऊ होता, हे तो ऐकणाऱ्याला दोनदा सांगतो.

लग्न सेथुन्याच्या नात्यातल्या एका मुलीचं, तिच्या माहेरच्या गावी, लेत्लाकानेला होतं. पुरुषमंडळी रिवाजाप्रमाणे तीन पायांच्या काळ्या हंड्यांभोवती जमून बैलाचं मांस शिजवत आणि कुटत होती. ओतेंगही हातात दांडकं घेऊन घाम गाळत होता. मेहुणा खुमो मात्र सावलीत खुर्ची टाकून बसला होता. (त्याचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदाराची कंबर नाजूक असते म्हणे.)

"आमच्या जावईबापूंना हंड्यापाशी ठेवू नका रे," खुमो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यांना भांडी घासायला बसवा. गोऱ्यांना ट्रकमध्ये घालून रानात न्यायचं आणि त्यांची ताटं विसळायची, हाच तर त्यांचा धंदा!"

हंड्याभोवती हशा पिकला. ओतेंगच्या अंगाचा तिळपापड झाला. केप टाऊनपासून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत त्याने पर्यटकांचा ट्रक हाकला होता. वाळूत रुतलेलं चाक काढावं तर त्यानेच, सिंहाचा माग काढावा तर त्यानेच. आणि ताटं?

"आमच्या ट्रकवर प्रत्येकजण आपलं ताट आपण धुतो," तो ताडकन म्हणाला. "आपला तंबू आपण ठोकतो. मोठमोठे डॉक्टर, वकील मुकाट्याने भांडी घासतात. मी फक्त सिंह दाखवतो!"

"कुणाला दाखवतोस?" मागून आवाज आला. सासूबाई, मा-खुमो, डोक्यावर पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. "मुलगी तुला दिली, तिला मुलगी झाली, ती वामे शाळेत जायला लागली. मी अजून सिंहाचं शेपूट पाहिलेलं नाही, रा-वामे." (आमच्याकडे मोठ्यांना मुलाच्या नावाने हाक मारतात: वामेचा बाप तो रा-वामे, खुमोची आई ती मा-खुमो.)

"त्यापेक्षा माझ्या दुकानात ये," खुमो म्हणाला. "गल्ल्याशेजारची जागा रिकामी आहे. पंखा आहे. रोज रात्री घरी बायकोजवळ."

आणि इथे ओतेंग चुकला. "चला आई," तो म्हणाला. "येत्या सुट्टीत तुम्हाला सिंह दाखवतो. नाही दाखवला, तर ट्रक सोडून खुमोच्या दुकानात खिळे विकतो!"

 हंड्याभोवती चार म्हातारे काका होते, त्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे म्हाताऱ्यांनी मान डोलावली की शब्द पक्का झाला.

पर्यटकांचा मोसम ओसरला होता. मालकाच्या ट्रकचा गिअरबॉक्स नुकताच उघडून बसवलेला होता आणि तो लांबवर चालवून पाहायचाच होता, त्यामुळे ट्रक सहज मिळाला. सासरेबुवांनी मात्र यायला साफ नकार दिला. "गुरांकडे कोण बघणार? सिंह काय, आज आहे तसा उद्याही असेल," असं म्हणून ते आपल्या गुरांच्या तळावर निघून गेले. मा-खुमो आल्या त्या स्वतःची खुर्ची, घोंगडी, इनॅमलचं घमेलं, मक्याच्या पिठाचं पोतं आणि पाय बांधलेली कोंबडी घेऊन. सेथुन्या वामेला नातेवाइकांकडे ठेवून निघाली. खुमो दुकान बंद ठेवून आला. पंच म्हणून.

पहिला मुक्काम मिठाच्या रणाच्या काठी. सूर्य बुडताना पांढरी जमीन गुलाबी होत जाते. परदेशी बायका इथे डोळे पुसतात. ओतेंगने ट्रक थांबवला आणि ठेवणीतलं भाषण सुरू केलं, की इथे पूर्वी केवढं मोठं सरोवर होतं.

मा-खुमोंनी क्षितिजापर्यंत नजर फिरवली. "गवताची काडी नाही," त्या म्हणाल्या. "कुणाच्या ताब्यात होतं हे? नीट बघितलं असतं तर आज ही दशा झाली नसती."

तंबूंची वेळ झाली. या वेळी ओतेंग प्रवाशांना एका दमात सांगतो की, हा दांडा, हे खुंटे, हा हातोडा, लागा कामाला. आत्ताही त्याने हातोडा उचलला, तोंड उघडलं, आणि समोर खुर्चीत बसलेल्या सासूबाई दिसल्या. सासूला हातोडा द्यायचा? हंड्याभोवतीचे चारही काका त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याने खुमोकडे पाहिलं. खुमोने कंबर धरली. त्याने सेथुन्याकडे पाहिलं.

"ट्रकवर बायकोनेच राबायचं असं काही ठरलंय का?" सेथुन्या म्हणाली. "नाही ना? मग मी प्रवासी आहे."

ओतेंगने सगळे तंबू ठोकले. कोंबडी कापली, शिजवली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड घोटली, वाढली. जेवणं झाल्यावर सगळे जागच्या जागी बसून राहिले. ताटं धुळीत पडली होती. शेवटी त्यानेच ट्रकच्या पोटातून तीन टब काढले: एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा, एक जंतुनाशकाचा. ताटं धुऊन झाली की ती फडक्याने पुसायची नाहीत, कारण फडक्यानेच रोग पसरतो. दोन्ही हातांत ताट धरायचं आणि कोरडं होईपर्यंत हवेत हलवत उभं राहायचं. ट्रकवर विसेक माणसं रांगेत उभी राहून असं करतात तेव्हा मजा वाटते. एकट्याने केलं की थव्यातून मागे राहिलेला पक्षी पंख फडफडवतोय असं दिसतं.

मा-खुमोंनी खुर्ची उचलली आणि टबांपासून थोड्या अंतरावर आणून ठेवली. घोंगडी पांघरून त्या एकटक बघत राहिल्या.

"काय हवंय, आई?"

"काही नाही, काही नाही. तुझं चालू दे."

कीव करताहेत, ओतेंगला वाटलं. तो मनातून चरफडला आणि ताट आणखी जोरात हलवू लागला. (त्या हलकेच पुढे सरकून बसल्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही.)

पुढे कसाने गावात पोचल्यावर त्याने एका दोस्ताची उघडी जीप मागून घेतली आणि पहाटेच अभयारण्यात शिरला. आत जाण्यापूर्वी सगळ्यांना बजावलं, "उठायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. जनावर बुजलं तर निघून जातं."

"ऐकलंस ना, खुमो?" मा-खुमो म्हणाल्या. "बोट दाखवायचं नाही."

हत्ती भेटले. "झाडं मोडून ठेवलीत मेल्यांनी," मा-खुमो म्हणाल्या. रानम्हशी भेटल्या, नदीकाठी शेकड्यांनी. इथे मात्र त्या खूश झाल्या. गाडी थांबवून त्यांनी प्रत्येक म्हशीचा पुठ्ठा, पाठ, कास न्याहाळली. "माल चांगला आहे. पण एकीच्याही कानाला खूण नाही. मालक झोपलाय का?" रानम्हशींना मालक नसतो, हे ओतेंगने समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. पण मा-खुमो म्हशींपुढून हलेनात, आणि ऊन वर चढलं तसे सिंह कुठल्या कुठे जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच. खुमो सुकं मांस चघळत खिळ्यांचे प्रकार सांगू लागला होता. "पत्र्याचे वेगळे, लाकडाचे वेगळे. शिकशील हळूहळू."

शेवटच्या सकाळी समोरून दुसऱ्या कंपनीची गाडी आली. चालक मोआगी ओतेंगच्या ओळखीचा होता. त्याने गाडी शेजारी आणून उभी केली, अंग वाकवून घाईघाईने म्हणाला, "सिंहीण! दोन पिल्लांसकट! त्या वळणापलीकडे, रस्त्यावरच! पळव लवकर!"

ओतेंगचा पाय ॲक्सिलरेटरवर पडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"दुमेला, रा."

मोआगीचा चेहरा पडला. गाडीत वडीलधारी बाई बसलेली त्याने पाहिलीच नव्हती. त्याने झटकन टोपी काढली. "दुमेला, मा."

"आम्ही झाडाझुडपांत वाढलो असं वाटलं का तुला? आधी राम राम, मग सिंह. कसे आहात?"

"बरे आहोत, मा. तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे. घरचे कसे आहेत?"

"घरचेही बरे आहेत, मा."

"गाव कुठलं?"

"आई," ओतेंग कळवळून म्हणाला, "सिंहीण..."

"मी बोलते आहे, रा-वामे."

गाव तोनोता निघालं. तोनोताला मा-खुमोंची चुलत बहीण दिली होती. मोआगीची आई तिच्याच चर्चमध्ये गाते. तिचा गुडघा कसा आहे? पाऊस किती झाला? गुरं उभी आहेत ना? मोआगी बिचारा टोपी छातीशी धरून एकेक उत्तर देत होता आणि डोळ्यांनी ओतेंगची माफी मागत होता. ओतेंगने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं. पण आमच्याकडे मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडून गाडी पळवणारा जावई अजून जन्माला आलेला नाही.

वळणापलीकडे वाळूत पंजांचे ठसे होते. ताजे, सुंदर, मोठे आणि लहान.

"पाय मोठे आहेत हो," मा-खुमो कौतुकाने म्हणाल्या.

"खिळे किलोच्या हिशोबाने विकायचे," खुमो म्हणाला.

 सगळे परतून गुरांच्या तळावर पोचले तेव्हा सासरेबुवा गोठ्याच्या काटेरी कुंपणापाशी बसून चहा पीत होते. कुंपणाला मोठं भगदाड पडलं होतं.

"आलात का?" ते म्हणाले. "काल सिंह येऊन गेला. मोठा आयाळवाला. म्हातारं गाढव नेलं. मी पत्र्याचं झाकण बडवलं तर वळून माझ्याकडे बघत बसला. अगदी सावकाश बघितला मी. तुम्ही काय पाहिलंत?"

 एवढी वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरलं, त्या प्राण्याने असा दगा द्यावा! ओतेंगला रडूच यायचं बाकी होतं.

"सोमवारी सकाळी लवकर ये," खुमो म्हणाला. "झाडू मारून ठेव."

"तो कुठेही यायचा नाही," मा-खुमो म्हणाल्या.

खुमो पुढे झाला. "पण आई, शब्द दिला होता! काकांनी मान डोलावली होती!"

"काकांना मी बघते. माणूस ट्रकवरच शोभतो." आणि त्या खुर्ची उचलून तळावरच्या झोपडीत गेल्या. ओतेंगचा ऊर भरून आला. तर आपली विद्या यांना कळली! माग काढणं, भाषण, सगळं! त्या रात्री कितीतरी दिवसांनी तो शांत झोपला.

उलगडा पुढच्या शनिवारी झाला. ओतेंग सासुरवाडीलाच होता. गावातल्या बायकांचं एक मंडळ आहे. कुणी वारलं की चहापाण्याची, जेवणाची सोय बघणारं. त्या मंडळाच्या बैठकीत मा-खुमोंनी प्रवासवर्णन केलं होतं. त्यात हत्ती एका वाक्यात संपले होते. सिंहिणीचं नाव नव्हतं. पण आपला जावई, चांगला दाढीमिशीवाला बाप्या, स्वयंपाक करतो, अंथरूण घालतो, भांडी घासतो आणि वर ताटं हवेत हलवून वाळवतो, हे त्यांनी उभं राहून, हातवारे करून सांगितलं होतं. मंडळाने ती थाप ठरवली.

"खोटं बोलते म्हणाल्या मला," मा-खुमो ओतेंगला म्हणाल्या. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. "या वयात, रा-वामे. चारचौघींत."

काय करणार? सासूबाईंच्या अब्रूचा प्रश्न होता. सेथुन्याने तत्परतेने घरातली होती नव्हती तेवढी भांडी अंगणात आणून टाकली. तीन टब भरले गेले. बायका आपापल्या खुर्च्या घेऊन फाटकातून आत आल्या, मा-खुमोंनी आखून दिलेल्या अंतरावर बसल्या. ओतेंगने दात ओठ खात पहिलं ताट विसळलं, दोन्ही हातांत धरलं आणि हलवू लागला.

मागच्या रांगेतली एक म्हातारी "अगं बाई, खरंच की!" म्हणत खुर्चीतून उठली आणि तिने हात लांब केला.

मा-खुमोंनी तिला शाल ओढून खाली बसवलं आणि कुजबुजल्या, "उठायचं नाही. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. बुजला तर निघून जाईल."