सर वाकले की उडणारी रेघ

"ही स्टुलं कुणी उंच केलीत मेली!" सर पुटपुटले आणि जहाज धक्क्याला लागावं तसे, दोन्ही हातांनी चाचपत, हळूहळू टेकले.

सुनेनं ऐकलं, पण मीटरच्या वायरी जोडण्यात गढून गेल्यासारखं दाखवलं. घरी ते बाबा, प्रयोगशाळेत सर. आणि कंबरेचा विषय दोन्हीकडे बंद!

"आज तुझे धागे बोलणार म्हणजे बोलणार!" सरांनी जाहीर केलं.

धागे तिनंच काढलेले. सुईच्या टोकातून विजेच्या ओढीनं निघालेले, केसाहून कितीतरी बारीक. जवळ चुंबक हलला की त्यांच्यात वीज उमटायला हवी. वर्षभर मात्र ते रुसलेल्या जावयासारखे गप्प होते.

सर धाग्यांवरून मीटरच्या पडद्याकडे वाकले. पडद्यावरची आडवी रेघ टुणकन उडाली!

"बोलले!" सर ओरडले.

"कसे बोलतील?" टेबलाखालून मेकॅनिकदादा म्हणाले. "चुंबक हलवणाऱ्या मोटरची पिन अजून माझ्या हातात आहे!"

दादा वाकले, रेघ आडवी. सून वाकली, आडवीच. सर वाकले, टुणकन!

"म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे!" सरांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा फुलला. "माणसाच्या अंगातलं चुंबकत्व! केवढा मोठा शोध!"

सुनेच्या लक्षात आलं. सकाळी बंद दाराआडून सासूबाईंची कुजबुज आणि वेल्क्रोचा चर्रर्र आवाज आला होता. शर्टाच्या आत, कंबरेला चुंबकांचा पट्टा! तिनं दादांकडे पाहिलं. दादांनी छताकडे पाहिलं. "तेवढाच व्यायाम हो," म्हणत सरांचे जड डबे रोज उचलणाऱ्या दादांना काय कळत नव्हतं?

"सर, आधी पंखा बंद करून बघू या?"

"केलाय."

"मोबाइल बाहेर ठेवून?"

"ठेवलाय गं!" सरांनी फोन उचललासुद्धा. "डायरेक्टरसाहेब, ताबडतोब खाली या! सगळ्यांना घेऊन या!"

जिन्यात पावलं वाजू लागली. धागे खरंच जागे झाले होते, तिला नाचावंसं वाटत होतं. आणि आता चारचौघांत या माणसाचं हसं होणार होतं.

तिनं दाराला कडी घातली. सरांच्या पाठीवर, पट्ट्याच्या जरा वर, हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच. "धागे छान झालेत. तुमच्या पट्ट्यातले चुंबकही ओळखतात. कंबर दुखतेय तुमची, बाबा. खूप दुखतेय. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."