पेट्रोची होडी

पेट्रोला घोड्याचा राग होता. चित्रातल्या. आखातातल्या फुजैराच्या आमच्या जहाजदुरुस्ती यार्डात हा युक्रेनचा गडी वेल्डिंगचा फोरमन, मी ऑफिसात. टपरीवरच्या नॅपकिनवर, गाड्यांच्या काचेवरच्या धुळीत, माझ्या फाइलींवरसुद्धा तो एकच चित्र काढायचा: वर दोन तिरप्या तलवारी, खाली होडी. आणि दरडावायचा, "हॉर्स खलास, भाई! ओन्ली बोट!"

युक्रेन स्वतंत्र झालं, तशी तिथली गावंही आपापले झेंडे ठरवू लागली. जो तो जुन्या कोसॅक लढवय्यांचा वारस. म्हणजे तलवार, गदा, घोडा. पेट्रोच्या गावानेही चित्रं मागवली होती. जुनं गाव धरणात गेलेलं, माळावर नवं बसवलेलं. "आमचे कोसॅक नदीचे," तो मोडक्या हिंदीत सांगायचा. "होडीला दोन्ही बाजूंनी बोरूचे भारे बांधायचे. बुडायचीच नाही." ती होडी गावाच्या झेंड्यावर जावी, एवढंच त्याला हवं होतं.

झेंड्याचा नमुना शिवला यार्डाबाहेर दुकान असलेल्या, मूळ गुहागरच्या मोहन टेलरने. बोरूच्या जागी पठ्ठ्याने नारळाच्या झावळ्या काढल्या! म्हटलं, आता मारामारी. पेट्रोने कापड उलटसुलट पाहिलं. "हबीबी, तुझी होडी तरंगते?"

"विचारतो काय साहेब!" मोहन माझ्याकडे वळला. "बापूस गेला, होडी हाय अजून."

मी हिंदीत सांगितलं. "मग हीच," पेट्रो म्हणाला. नमुना गावी गेला.

एका शुक्रवारी त्याने बूथवरून बहिणीला फोन लावला. ती तिथल्या पंचायतीत. आधी तो हसत होता, मग नुसता ऐकत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "हॉर्स. बहीण म्हणते, नदी आता कुणाला आठवते?"

"चलता है, यार," मी म्हटलं. त्याचं दुःख कळलं नाही असं नव्हे. मला भीती वाटली. माझ्याही गावात मला न विचारता सगळं ठरत होतं, आणि मी तर कधी साधं चित्रही पाठवलं नव्हतं. हे मी बायकोलाही बोललेलो नाही.

आठवड्याने तो मोहनच्या दुकानात दिसला. मशीनवर पांढरा घोडा. झेंडा मीच शिवून पाठवतो, असं त्याने फोनवरच बहिणीला सांगून टाकलं होतं.

"मागचा पाय सरळ कर," तो मोहनला बजावत होता. "लंगडा नको दिसायला. पोरं रोज बघणार."