रक्तपिपासू पोरगा आणि निःपक्षपाती अध्यक्ष

नवीन पनवेलमधल्या एका गृहनिर्माण संस्थेतील मुलांना इंग्रजी चित्रपटातल्या एका रक्त पिणाऱ्या पोराने नादी लावले, ही बाब कार्यकारिणीने अत्यंत गंभीरपणे घेतली. साल एकोणीसशे ब्याण्णव, महिना मे. शाळांना सुट्टी होती. सचिव प्रदीप सबनीस यांच्याकडे नवा व्हीसीआर होता आणि त्यांची मुलगी ऋचा दर रविवारी दुपारी तीच एक कॅसेट आणून बिल्डिंगमधल्या पोरांना दाखवत असे. पोरे आधी किंचाळत, मग खो खो हसत. दोन्हींचा त्रास खालच्या मजल्याला होत होता.

संस्थेने 'आकर्षण चौकशी समिती' नेमली. अध्यक्षपद तिसऱ्या मजल्यावरच्या कमळाकर वैद्यांना देण्यात आले. त्यांच्या पत्नी सुमतीबाई गेल्या दिवाळीच्या आधी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते, आणि माणूस कामात गुंतलेला बरा असे सर्वांचे मत होते. कमळाकररावांचेही तेच मत होते. इतर दिवस बाजारहाट, पेपर, देवळापर्यंत फेरी, असे कसेतरी जात. रविवारी दुपारी मात्र सगळ्या बिल्डिंगमधून माणसांचे आवाज येत आणि त्यांच्या घरातून फक्त पंख्याचा.

पहिल्याच सभेत प्रदीपनी एक मुद्दा मांडला. "अध्यक्षांनी चित्रपट बघायचा नाही."

"मग निकाल कसा देऊ?" कमळाकररावांनी विचारले.

"निःपक्षपातीपणे. बघितलात की मत बनणार. मत बनलं की पक्षपात आला. जज्ज काय खून बघायला जातो का?"

जज्ज खून बघायला जात नाही हे सर्वांना पटले आणि मुद्दा एकमताने मंजूर झाला.

संस्थेचा नियम सोपा होता. चित्रपट भीतीदायक असेल तर बंदी, विनोदी असेल तर परवानगी. त्यासाठी सदस्यांनी रविवारी दुपारी प्रदीप यांच्या हॉलमध्ये तो पाहावा असे ठरले. मुलांच्या हसण्याने सदस्यांवर दडपण येऊ नये म्हणून मुलांना बाहेर काढण्यात आले. घाबरण्याच्या जागा टिपण्याचे काम शाळेत शिकवणाऱ्या प्रमिलाबाई मोकल यांच्याकडे होते. पोराने पहिल्यांदा मानेचा चावा घेतला तेव्हा त्या किंचाळल्या आणि त्याच श्वासात हसू लागल्या. अहवालात नोंद झाली, 'निष्कर्ष निघू शकला नाही. पुन्हा पाहणे आवश्यक.'

पुढच्या रविवारी महिलांचा दृष्टिकोन समजावा म्हणून सदस्यांच्या बायका आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी बी बिल्डिंगचे निरीक्षक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. चौकशी लांबत असल्याने चिवडा ठेवण्यात आला. "तो सीन परत लावा हो, नीट तपासला पाहिजे," असे कोणी ना कोणी म्हणे, आणि तो तपासला जाई.

इकडे पोरे उन्हात. मैदानात खडीचे ढीग पडलेले. पहिल्या रविवारीच त्यांनी कमळाकररावांचे दार वाजवले आणि पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर कोणी उठेना.

"अरे, मी अध्यक्ष आहे," कमळाकरराव म्हणाले, "पण त्या पिक्चरमध्ये आहे काय, तेच मला ठाऊक नाही."

"करून दाखवू?" ऋचा म्हणाली. "झगा पाहिजे पण. काळा."

त्यांनी कपाट उघडले. सुमतीबाईंची काळी चंद्रकळा वरच होती. त्यांनी तिची घडी उलगडून पाहिली. मग म्हणाले, "घ्या. पदर तेवढा सांभाळा. संक्रांतीशिवाय नेसायची नाही ती."

रक्त म्हणून आमसुलाचे आगळ निघाले. निनाद नावाच्या पोराने चंद्रकळा पांघरली, दातांत काड्या धरल्या आणि तो आई झालेल्या ऋचासमोर उभा राहिला.

"आई, मला सुळे फुटलेत."

"भाजी खायला नको, दूध प्यायला नको. मग दुसरं काय होणार?"

"आई, मी आरशात दिसत नाही."

"तरीच भांग वाकडा पाडलायस."

मग ऋचा बाबा झाली आणि तिने पेपर उघडला.

"बाबा, मी आज रक्त प्यालो."

"बोर्डाच्या परीक्षेत हे विचारणार आहेत का?"

कमळाकरराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आपल्या घरात हा आवाज कोणाचा, असे त्यांना क्षणभर वाटले. मग त्यांनी डोळे पुसून अध्यक्ष या नात्याने विचारले, "यात भिण्यासारखं काय आहे गं?"

"तेच तर आहे, काका. तो शेवटपर्यंत सांगत राहतो आणि घरातलं कोणी मान वर करून बघतच नाही. आम्ही म्हणूनच ओरडतो. मग हसतो."

चौकशी इथेच संपली होती. पण निकाल दिला की बंदी तरी येणार किंवा परवानगी तरी मिळणार, आणि काहीही झाले तरी पोरे रविवारी इथून जाणार. म्हणून कमळाकररावांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी पद्धतीने लिहिले, 'विषय गुंतागुंतीचा आहे. आणखी एक बैठक व्हावी.' सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष आणि समिती यांच्यात इतके एकमत पनवेल परिसरात क्वचितच झाले असेल. दर आठवड्याला तेच लिहिले गेले आणि तशाच टाळ्या पडल्या.

जूनच्या पहिल्या रविवारी चाव्याचा सीन सतत मागेपुढे करून फीत अडकली आणि तुटली. पडद्यावर मुंग्या आल्या. सदस्य बराच वेळ मुंग्याही तपासत बसले. मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "पण मुलं कुठायत?"

"मैदानात," प्रदीप म्हणाले.

"मैदानात तर खडी आहे."

"कधीपासून?"

सांडलेला चिवडा झाडायला आलेल्या गंगाबाई केरसुणी टेकून उभ्या राहिल्या. "तुमाला ठावं नाय? पोरं दर ऐतवारी वर काकांकडं असतात. आमी जिना झाडताना दर खेपेला ऐकतो. लय मजा हाय."

समिती जिना चढली. कमळाकररावांचे दार उघडे होते. आत ऋचा पेपर धरून बसली होती. तिने हुबेहूब प्रदीप यांच्यासारखा घसा खाकरला आणि म्हणाली, "बोर्डाच्या परीक्षेत हे विचारणार आहेत का?"

मागे गंगाबाईंना हसू आवरले नाही. प्रदीप यांना ते आवरावे लागले नाही.

"कमळाकरराव, हा काय प्रकार? बस्स झाली चौकशी. आत्ताच्या आत्ता सांगा, भीतीदायक की विनोदी?"

कमळाकररावांनी चंद्रकळेत गुंडाळलेल्या निनादकडे पाहिले.

"दोन्ही," ते म्हणाले. "पण निकाल देता येत नाही. पालकांची साक्ष राहिली आहे."

"आमची? आम्ही एवढे रविवार बसलो ते काय?"

"तुम्ही पिक्चर बघितलात. आता पोरांना बघायचं. आत—"

"काका, 'या' म्हणू नका!" निनाद ओरडला. "बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. पिक्चरमधला नियम आहे."

सगळे उंबऱ्याबाहेर थांबले. खरोखरच कोणाचे पाऊल पुढे पडेना. सुमतीबाईंच्या तेराव्यानंतर त्यांच्यापैकी कोणी इथे आले नव्हते, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी आठवले. कमळाकररावांनी त्यांना तसेच राहू दिले. कामकाज नियमाला धरून चालले होते.

मग ते म्हणाले, "या."

समिती अद्याप बरखास्त झालेली नाही. बैठक रविवारी दुपारी अध्यक्षांच्या घरी होते. पालक जमिनीवर बसतात, आगळाचे सरबत मिळते, आणि निरीक्षक म्हणून येण्यासाठी बाहेरच्या सोसायट्यांतून विचारणा होते. येणाऱ्याला एवढेच सांगावे लागते की, आपल्या शेजारच्या दारातून तो शेवटचा आत कधी गेला होता. बहुतेक जण इथेच बाद होतात. वाचकांपैकी कोणाला यायचे असेल तर अवश्य यावे. उत्तर आधी आठवून ठेवावे.