लाल चिंधीला सुट्टी

लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या आमच्या गल्लीत माझ्याइतका सभ्य माणूस शोधून सापडायचा नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसलो तर आयुष्य जायचं. अठरा वर्षं झाली, मी छत्र्या दुरुस्त करतो. मोडक्या काड्या, फाटकं कापड, निखळलेल्या मुठी, काहीही आणा. त्याआधी काय करत होतो म्हणता? त्याआधीही लोकांच्याच वस्तू हाताळत होतो. फक्त त्या लोकांना ते ठाऊक नसायचं.

दोनदा सरकारचा पाहुणचार घेतला. दुसऱ्यांदा सुटून घरी आलो तेव्हा आमची डॉर्कस दीड वर्षाची होती. मला बघून ती किंचाळली आणि आईच्या मागे लपली. झालं! त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या खिशात हात घातलेला नाही. सवय म्हणून कधी हात गेलाच, तर स्वतःच्या खिशात घालतो. तिथे काही नसतं, त्यामुळे पापही लागत नाही.

तीच डॉर्कस आता टोप्यांच्या दुकानात गवती टोप्या शिवते. एका रविवारी संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, विल्फ्रेड पास्क नावाचा एक मुलगा आहे. पुढच्या रविवारी दुपारी जेवायला येतोय. तुमच्याशी बोलायचंय त्याला."

"येऊ दे की! काय करतो?"

"कॉन्स्टेबल आहे."

माझ्या हातातली छत्री आपोआप उघडली.

"अरे इनॉक! घरात छत्री उघडलीस!" माझी बायको लेटी ओरडली. "आता घरावर काय संकट येणार ते देवच जाणे!"

"संकट रविवारी जेवायला येतंय," मी म्हणालो.

पण मग मी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्यावर रोखलेले. मी नाही म्हटलं असतं तर ती रडली नसती. गुपचूप आत जाऊन टोप्या शिवत बसली असती, आणि ते मला आयुष्यभर सोसलं नसतं. मी म्हणालो, "येऊ दे. असं जेवण देतो, की लॉर्डाच्या घरी आल्यासारखं वाटेल त्याला!"

अडचण जेवणाची नव्हती. अडचण होती आमच्या बोलण्याची.

आमच्या गल्लीत वस्तूला तिच्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. घड्याळ म्हणजे सलगम. न्यायाधीश म्हणजे चोच. पाळत ठेवणारा तो कावळा आणि पोलीस म्हणजे चेचू. शेजारी परका माणूस असला की साधं बोलायचंच नाही, हे आईच्या दुधाबरोबर अंगात मुरतं. धंदा सोडता येतो, जीभ कुठे सोडते? आमच्या घरात ती भाषा पाच मिनिटं ऐकली, तर कुठलाही कॉन्स्टेबल वाढलेलं ताट सोडून बेड्या काढेल!

म्हणून मी फर्मान काढलं. आठवडाभर घरात फक्त सभ्य भाषा. जो चुकेल त्याच्या चहातली साखर बंद!

सोमवारी सकाळीच मी विचारलं, "लेटी, सलगमात किती वाजले?" गेली माझी साखर. मंगळवारी लेटी शेजारणीला चोचीबद्दल काहीतरी सांगत होती. तिची गेली. बुधवारी डॉर्कस माझ्यामागे धावत आली.

"बाबा, ऐका ना, त्या चेचूला मी..."

"साखर!"

"अहो, पण ऐका तरी! माझा चेचू तसा..."

"आणखी एक! उद्याचीही साखर बंद!"

ती पाय आपटत निघून गेली. गुरुवारी पुन्हा आली, पुन्हा साखर गमावून गेली. शुक्रवारपासून तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. मला वाटलं, पोर शिस्तीला लागली!

राहता राहिले आमचे वडील, म्हातारे जोनास. वय एक्याऐंशी. एके काळी अख्ख्या लंडनमध्ये त्यांच्या बोटांना जोड नव्हती, असं त्यांचेच मित्र सांगायचे. त्यांना चोरांच्या भाषेशिवाय दुसरं काही बोलताच यायचं नाही, आणि तीही साठ वर्षांपूर्वीची! आमच्या धंद्यातले शब्द दर दहा वर्षांनी बदलतात. पोलिसांना एखादा शब्द कळला की तो टाकायचा, नवा घ्यायचा. म्हाताऱ्यांनी एकही टाकला नव्हता. त्यांचं बोलणं आता गल्लीतल्या पोराटोरांना सोडाच, मलासुद्धा कळत नसे. ते कळणारा शेवटचा माणूस म्हणजे त्यांचा दोस्त एमॉस केटल. चार वर्षांपूर्वी एमॉस वारला. तेव्हापासून वडील खिडकीपाशी बसतात आणि गप्प असतात. दोनचार वेळा त्यांनी मला काहीतरी सांगून पाहिलं होतं. मी म्हणायचो, "काय दादा? काय म्हणालात?" मग ते हात हलवून सोडून द्यायचे. मीही कामाला लागायचो.

त्यांच्या भाषेतलं एकच वाक्य मला पक्कं पाठ होतं, कारण लहानपणी ते मी दिवसातून वीस वेळा ऐकलं होतं. लाल चिंधी म्हणजे जीभ. "लाल चिंधीला सुट्टी दे!" म्हणजे तोंड बंद कर!

शनिवारी मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, "दादा, उद्या पाहुणा येतोय. उद्या लाल चिंधीला सुट्टी. एक शब्दही नाही. पाहुण्याला आम्ही सांगणार, तुम्ही मुके आहात."

 त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा खिडकीकडे वळले. मला आत कुठेतरी बारीकसं टोचलं, खोटं कशाला सांगू. पण भट्टीवाल्याकडे मांस भाजायला द्यायचं राहिलं होतं.

रविवार उजाडला. भट्टीवाल्याकडून मटणाचा भाजलेला तुकडा आला, त्याच्याभोवती बटाटे. लेटीने वाटाण्याचं खिमट केलं, काकवीचं पुडिंग केलं. आणि बरोब्बर दोन वाजता विल्फ्रेड पास्क दारात! दार भरून जाईल एवढा पोरगा, कान लालबुंद, हातात जिऱ्याचा केक. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "नमस्कार, ट्रिमरसाहेब."

साहेब! आजवर पोलिसांनी मला बऱ्याच नावांनी हाक मारली होती, त्यात हे नव्हतं.

आम्ही बसलो, आणि भयाण शांतता पसरली. तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बाहेर पडेल, या भीतीने कोणी तोंडच उघडेना! लेटी फक्त घास घालण्यापुरतं उघडत होती. मी तीन दिवस पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "आजची हवा ही अत्यंत हवेशीर अशी हवा आहे."

"हो, साहेब," पास्क म्हणाला.

"परमेश्वराची कृपा आहे," लेटी म्हणाली.

"हो, बाईसाहेब."

पुन्हा शांतता. फक्त पास्कच्या चघळण्याचा आवाज. त्यालाही तो ऐकू आला असावा, कारण त्याने चघळणं थांबवलं. बिचाऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आम्ही त्याला घाबरलोय हे त्याला काय ठाऊक! त्याला वाटलं, आम्हाला तो पसंतच नाही. त्याने केविलवाणं इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडे बघून हसला. "हे आजोबा ना? कसे आहात, आजोबा?"

"ते मुके आहेत!" मी म्हणालो. "जन्मापासून!"

"लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून," त्याच क्षणी लेटी म्हणाली.

"म्हणजे, जन्मतःच ताप होता," मी सावरलं.

"आई! बाबा!" डॉर्कसने काटा ताटात आपटला. "हे काय चाललंय?"

आणि तेवढ्यात पास्क उठून उभा राहिला. त्याने कोटाच्या आत हात घातला आणि वही बाहेर काढली.

आता हे आमच्या घराबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. पोलिसाने वही काढली की आमच्या जातीच्या माणसाचं डोकं चालत नाही, थेट पाय चालतात. लेटीने चहाची किटली झगझगीत शालीखाली लपवली. ती किटली आम्ही रीतसर विकत घेतलेली, उकळत्या चहाने भरलेली! लेटी "आई गं!" करून उडाली. आणि मी? मी मागच्या खिडकीतून निम्मा बाहेर पडलो होतो!

निम्माच. तारुण्यात याच खिडकीतून मी किती वेळा सुळकन गेलो असेन! पण अठरा वर्षांच्या सभ्यतेने माझं पोट वाढवलं होतं. डोकं आणि हात अंगणात, पोट चौकटीत, पाय घरात. वर टांगलेल्या दुरुस्तीच्या छत्र्या धडाधड माझ्या पाठीवर पडल्या. त्यातल्या दोन उघडल्या.

"इनॉक, घरात छत्र्या!" आतून लेटी.

पास्कची मात्र नजर वहीत. घाबरलेला माणूस एकदा वाचायला लागला की थांबत नाही. त्याने घसा खाकरला आणि भरभर वाचत सुटला, "उजेडराव शुभ असो, मंडळी! मी जातीचा गुरगुऱ्या. पण तुमच्या पाखराला दगडी सदरा कधी दिसू देणार नाही. काळोखराव असो की उजेडराव, तिच्या झरोक्यांत पाणी येऊ देणार नाही. तेव्हा लाल चिंधीची सुट्टी संपवा, आणि पंजा द्या!"

लाल चिंधी सोडली, तर मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. लेटीला कळलं नाही. पोलिसाच्या वहीत आहे, म्हणजे वॉरंटच असणार, असं धरून मी ओरडलो, "मला न्या! बायकोपोरीला हात लावू नका!"

 आणि माझ्या पाठीमागून एक आवाज आला. घोगरा, गंजलेला. चार वर्षांत मी तो धड ऐकला नव्हता.

"गुरगुऱ्याऽऽ," आवाज म्हणाला. "शेपूट लांब ओढायचं, पोरा. गुरगुऱ्याऽऽ."

"गुरगुऱ्याऽऽ," पास्क म्हणाला.

"आत्ता कसं!"

आणि मग म्हातारे हसले! खोकत, खाकरत, गुडघ्यावर हात आपटत हसले. म्हणाले, "पंजा दे!" आणि हातावर हात पडल्याचा आवाज आला. पुढे ते जे सुटले ते सुटलेच. उजेडराव म्हणजे दिवस, काळोखराव म्हणजे रात्र, गुरगुऱ्या म्हणजे पोलीस, दगडी सदरा म्हणजे तुरुंग, झरोके म्हणजे डोळे, आणखी कायकाय! पास्क मधेच विचारायचा, "म्हणजे काय, आजोबा?" ते सांगायचे, तो वहीत लिहायचा. मी खिडकीत अडकून, छत्र्यांखाली, सगळं ऐकत होतो. माझे वडील बोलत होते. चार वर्षं त्यांच्याकडे बोलण्यासारखं एवढं साचलं होतं, आणि ते तोंड उघडणार म्हणून मी त्यांना मुकं ठरवलं होतं! मला रडू आलं. उलटा लटकलेला होतो, त्यामुळे अश्रू कपाळावरून केसांत गेले. लाज वाटली म्हणजे किती वाटली, ते सांगता येत नाही.

अखेर कोणाला तरी माझी आठवण झाली. पास्कने मला कमरेला धरून ओढून काढलं. अठरा वर्षांनी पोलिसाचा हात अंगाला लागला, तोही मला घरात आणण्यासाठी!

"अरे, पण हे शब्द तुला कुठून?" मी धापा टाकत विचारलं.

"चौकीच्या कपाटात एक जुनी यादी होती, साहेब. उंदरांनी अर्धी खाल्लेली." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "म्हटलं, तुमच्या घरी तुमच्याच भाषेत मागणी घालावी. परकेपणा वाटायला नको. यादी इतकी जुनी असेल हे कुठे ठाऊक होतं?"

"म्हणजे तुला आमच्याबद्दल सगळं..."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्याला," डॉर्कस म्हणाली. "तो म्हणाला, मला तू हवीस, तुझ्या बाबांचा जुना धंदा नकोय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आठवडाभर सांगत होते! तुम्ही साखर काढून घेत होतात!"

मी बसलो. लेटीने शालीवरचा चहा पिळत विचारलं, "मग लग्नाचं काय? मागणी घातली ना याने? उत्तर कोण देणार?"

"उत्तर कधीच मिळालं," डॉर्कस म्हणाली. "आजोबांनी पंजा दिला की!"

अशा रीतीने माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न माझ्यासमोर ठरलं, आणि मला ते दुसऱ्याने सांगावं लागलं! जूनमध्ये चर्चमध्ये लग्न झालं. वधूला आजोबा घेऊन चालले. मी मागून छत्री धरली, उघडलेली, पण चर्चच्या बाहेर.

आता दर रविवारी दुपारी पास्क येतो आणि दोघं खिडकीपाशी बसतात. त्याने यादी इतकी वाढवली, की वरिष्ठांनी खूश होऊन ती सगळ्या चौकीला पाठ करायला लावली. आमच्या भागातले सगळे पोलीस आता साठ वर्षांपूर्वीच्या चोरांची भाषा अस्खलित बोलतात. एकाही चोराला ती कळत नाही.

मीही शिकायला बसतो. उशिरा का होईना, आपल्या बापाची भाषा आपल्याला यावी. पण मी आहे बडबड्या, दर दोन शब्दांनी मधे तोंड घालतो. गेल्या रविवारी असाच मधे बोललो. वडिलांनी पास्कच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघं पोट धरून हसले.

"काय म्हणाले? मलाही सांगा की!"

पास्क लाजला. "सांगू का, साहेब? ते म्हणाले, इनॉकला म्हणावं, लाल चिंधीला सुट्टी दे."

मी दिली. चहात साखर दोन चमचे होती.