हरवलेल्या चपलेचं परीक्षक मंडळ

माणसाला दुःख होणं ही त्याची खाजगी बाब आहे, पण ते नीट झालं की नाही हे ठरवण्याचा अधिकार नेहमी दुसऱ्याकडे असतो. कुलूपवाल्याच्या घरी हा अधिकार चार कुत्र्यांकडे होता.

मंडळाची रचना अशी. अध्यक्षस्थानी आजी. तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ती ऐकत नाही. त्यानंतर साहेब. त्यांना काम काही नाही, पण ते बघत असल्याशिवाय घरातलं कुठलंच काम पुरं झालं असं धरत नाहीत. मग भोपळा, ज्याच्या नावाचा खुलासा त्याच्याकडे पाहिल्यावर लागत नाही. आणि सगळ्यांत धाकटी शेपूट. (हिला शेपूट नाही. पण नाव ठरलं तेव्हा ती बसलेली होती.)

मंडळाचं कामकाज संध्याकाळी चाले. इतर घरांतली कुत्री चेंडू आणून देतात. आपणच फेकायचा आणि आपणच परत मागायचा, यात ज्याला काही अर्थ दिसत नाही त्याला मूर्ख कसं म्हणणार? ही कुत्री चप्पल पळवत. जोडातली एकच. (दोन्ही नेणं म्हणजे चोरी.) मग घरातल्या माणसाने ती शोधत घरभर फिरायचं आणि विलाप करायचा. विलाप पसंत पडला तर चप्पल परत. नाही पडला तर नाही.

खेळ कुलूपवाल्याच्या बायकोने सुरू केला होता आणि तो तिलाच जमे. ती कपाळाला हात लावायची. "अगं बाई, गेली गं माझी चप्पल! आता मी बाजारात एका पायावर उड्या मारत जाऊ? लोक म्हणतील, बघा, बगळा आला भाजी घ्यायला." मंडळाच्या शेपट्या फरशीवर आपटत. भोपळ्याला तर आनंद आवरत नसे, आणि नंतर फरशी पुसावी लागे. कुलूपवाला समोरच्या खोलीत किल्ली कानसत गालातल्या गालात हसे. त्याच्याकडे तेवढंच काम होतं.

मग बायको गेली. (आजारपण लांबलं नाही. तिला कुठलीच गोष्ट लांबवायला आवडत नसे.) विलापाचं खातं कुलूपवाल्याकडे आलं, आणि खातं बदललं की कामाचं जे होतं ते झालं. तो दाराच्या चौकटीत ताठ उभा राहायचा आणि म्हणायचा, "चप्पल दिसत नाही. कोणी नेली असल्यास आणून द्यावी."

मंडळ एकमेकांकडे बघे. आजी उठून दुसऱ्या खोलीत जाई.

"काका, हे काय," कुंपणापलीकडून शेजारची शिंपीण म्हणायची, "तुम्ही तर नोटीस वाचताय. जरा जीव ओता की त्यात."

"ओतलाय," कुलूपवाला म्हणायचा.

हळूहळू त्याचे सगळे जोड मोडले. एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात तपकिरी चप्पल घालून तो लोकांची कुलपं उघडायला जाऊ लागला. गिऱ्हाइकं आधी पायांकडे बघत, मग पुन्हा पत्ता विचारत. (दार उघडल्यावर मात्र पायांकडे कोणी बघत नसे.) बातमी मुलीपर्यंत पोचली.

मुलगी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्सांच्या ड्यूट्या लावते. ज्याने नर्सांच्या ड्यूट्या लावल्या, त्याला जगातला कुठलाच गुंता अवघड वाटत नाही. ती आली, बापाच्या पायांकडे पाहिलं आणि निष्कर्ष काढला: बाबांचं आता एकट्याने निभत नाही. जेवणं होईपर्यंत वाटप झालं. बाबा तिच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, जिथे प्राण्यांना मनाई आहे. आजी शिंपिणीकडे. साहेब गॅरेजवाल्याकडे, कारण तिथे बघत बसण्यासारखं पुष्कळ असतं. भोपळा आणि शेपूट दूधवाल्याच्या शेतावर.

"चालेल ना बाबा?"

"हं," कुलूपवाला म्हणाला. या एका शब्दावर त्याच्या आयुष्यातली बरीच कामं पार पडली होती, लग्नसुद्धा. पण हा 'हं' म्हणताना त्याने भोपळ्याची मान घट्ट धरली होती. मुलीने ते पाहिलं नाही. भोपळ्याने पाहिलं.

सकाळी टॅक्सी आली. बॅगा चढल्या. मुलगी बूट घालायला वाकली, तर बूट एकच.

"बाबा, माझा बूट?"

"मंडळाकडे असेल."

मंडळ ओळीने बसलं होतं. मुलीने आधी हुकूम सोडला. मग बिस्किटं दाखवली. बिस्किटं खाल्ली गेली. (लाच घेऊनही निर्णय न बदलणारी संस्था आजकाल विरळाच.) मग तिने कोचाखाली, पलंगाखाली, माळ्यावर शोधलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

"असा नाही मिळत," कुलूपवाला म्हणाला. "रडावं लागतं. तुझं खरंच काहीतरी गेलंय, हे त्यांना पटावं लागतं."

"मग रडा की तुम्ही."

"मी नापास आहे. पाय बघ ना माझे."

मुलीने पुन्हा पाय पाहिले. "म्हणजे हे यांच्यामुळे?"

"मग काय, मला काळं-तपकिरी कळत नाही होय?"

मुलगी एक बूट घालून उंबऱ्यावर बसली. तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई, गेला गं माझा बूट," ती म्हणाली, आणि आवाज हुबेहूब आईचा निघाला. साहेबांचे कान उभे राहिले. "आता मी बाजारात एका पायावर..." पुढचं तिला म्हणवेना.

"उड्या मारत जाऊ," कुलूपवाला तिच्याशेजारी टेकत म्हणाला. "लोक म्हणतील, बघा..." जन्मभर कुलपं उघडणाऱ्या त्या माणसाला पुढचा शब्द काही उघडता आला नाही. मग दोघंही रडली. कोणताही क्रम पाळला गेला नाही.

मंडळाला काम पसंत पडलं. आधी बूट आला. मग शेपूट आणि भोपळा पाण्याच्या टाकीमागे फेऱ्या घालू लागली, आणि दारात चपलांचा ढीग झाला. शेवटी आजी स्वतः उठली आणि एक निळी चप्पल घेऊन आली. ती बायकोची होती. तिच्याबद्दल आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"मला नाही यायचं," कुलूपवाला म्हणाला.

"मग काल का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे? तू ड्यूटी लावलीस."

मुलीने नाक पुसलं आणि टॅक्सीतल्या बॅगा उतरवायला सांगितल्या.

"बूट सापडला ना ताई?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"सापडला."

"मग रडताय कशाला?"

चार कुत्र्यांसमोर बसून चपलेसाठी रडणारी ही माणसं पाहून वाचकाला हसू आलं असेल. येऊ दे. पण बायको गेली तेव्हा वाचकही त्या घरी भेटायला गेला होता. खुर्चीच्या कडेवर बसला होता. कुलूपवाल्याने कोरड्या डोळ्यांनी 'चहा टाकू का' विचारलं, आणि वाचक फाटकाबाहेर पडल्यावर हळूच म्हणाला, "याला फारसं काही वाटलेलं दिसत नाही हो." म्हणजे परीक्षा तीच, आणि निकालही तोच. वाचक निकाल देऊन घरी गेला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. कुत्र्यांनी मात्र रोज संध्याकाळी फेरपरीक्षा घेतली.