समोरून काढलेला फोटो

रकाना १ : आकार

अब्जावधी ताऱ्यांच्या वस्तीला दीर्घिका म्हणतात. दीर्घिका नोंदणी कार्यालयाला तिचे तीनच आकार मान्य आहेत : लंबवर्तुळाकार, सर्पिलाकार आणि अनियमित. जी बसत नाही तिला बसवतात.

कार्यालयातल्या दुर्बिणीवाल्या बाई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. एकोणीस वर्षं त्या एकाच दीर्घिकेवर डोळा ठेवून होत्या. जाण्याआधी तेवढी एक नोंदवायची, बाकी काही मागणं नव्हतं.

"ही तर रेघ आहे," फोटो पाहून हेडक्लार्क म्हणाले.

"सर्पिलाकारच आहे, साहेब. फक्त आपल्याला कडेनं दिसते."

"फोटो समोरून हवा. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"मग तिला वळायला सांगू?"

"लेखी सांगा. तोंडी चालत नाही."

रकाना २ : फोटोची तारीख

"हा प्रकाश तिथून चार कोटी वर्षांपूर्वी निघालाय," बाई अभिमानानं म्हणाल्या.

"अहो बाई, फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो!"

रकाना ३ : समूह

एकटीदुकटीची नोंद होत नाही. शेजारच्या दीर्घिकेचं ना हरकत पत्र लागतं.

"शेजारीण हिला गिळत चाललीय, साहेब!"

"म्हणजे घरोबा आहे. मग सही मिळायला काय हरकत?"

बाई चिडल्या नाहीत. नोकरीत हाती लागलेलं एकमेव हत्यार त्यांनी बाहेर काढलं : नियम.

"आपल्या स्वतःच्या आकाशगंगेची फाईल काढा बघू. तिचा समोरून काढलेला फोटो दाखवा."

फाईल आली. फोटोची चौकट कोरी. दुसरं काय असणार? फोटो काढणारे सगळे आतच राहतात.

हेडक्लार्क नियमाचे पक्के. त्यांनी घाम पुसला आणि आकाशगंगेची नोंद रद्द केली. ओघानंच सूर्य गेला, पृथ्वी गेली, पृथ्वीवरचं हे कार्यालय गेलं, आणि पत्ताच अवैध ठरल्यामुळे बाईंचा निवृत्तीचा आदेशही गेला.

सोमवारी बाई डबा घेऊन हजर.

"आता कसली घाई?" दुर्बीण पुसत त्या म्हणाल्या. "ती वळेपर्यंत थांबते की."

रकाना ४ : शेरा

रद्द झालेलं सगळं, माणसांसकट, पुन्हा रकान्यांत बसवायचं काम वाढल्यानं कार्यालयाला माणसं हवी आहेत. पात्रता एकच : नवा माणूस भेटल्यावर, त्याचं आडनाव ऐकून, चहा निवायच्या आत "म्हणजे तुम्ही आपल्यातलेच का?" असं हसत विचारता आलं पाहिजे.

कृपया अर्ज करू नये. तुमची निवड मागेच झाली आहे.